बडोद्याची संकल्पभूमी आणि अमेरिकेतला समतेचा लढा

नंदेसरीच्या कारखान्यांत कामाला असलेल्या मराठी मंडळींना बडोद्याची संकल्पभूमी ठाऊक असेलच. पण तिचं अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याशी नातं काय?

१९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला शिकायला गेले. १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तर जातीमुळे राहायला जागा मिळेना.

१९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहिलं. काळ्यांच्या संघटनेने युनोकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. अस्पृश्यांसाठीही तसाच अर्ज करायचा विचार होता. १९७२ मध्ये मुंबईत तरुणांनी दलित पँथर काढली, नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून.

तिथे रंग, इथे जात. भाड्याने खोली देताना आजही आधी आडनाव विचारतात, म्हणून हा इतिहास जुना झालेला नाही.