घरच्या आडावर हापसा बसविताना

ढोकीच्या बाजारात कापडाचे दुकान चालविणाऱ्याने पंपाविषयी लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण या बाबतीत मी पदरचे पैसे घालवून शिकलो आहे, आणि तीच चूक आपले बंधू आजही करीत आहेत, म्हणून हे चार शब्द.

आमच्या घरामागे वडिलांच्या वेळचा आड आहे. रहाटावर दोरी-बादलीने पाणी काढताना घरातल्या बायकांचे खांदे भरून येत. लहान मुले कठड्याशी खेळत, त्याची धास्ती वेगळीच. एका वर्षी भाद्रपदात पाणी अगदी वर आलेले असताना मी बिडाचा हापसा विकत आणला. दुकानदाराने खोली विचारली नाही, मीही सांगितली नाही. दिवाळीपर्यंत पाणी मुबलक आले. संक्रांतीनंतर मात्र हापसा नुसती हवा ओढू लागला. वायसर बदलले, वरून तांब्याने पाणी ओतले, जोड पुन्हा आवळले. शेवटी एका जुन्या मिस्त्रीने दोरीला दगड बांधून आडात सोडला, दोरी मोजली आणि म्हणाला, “शेठ, हापशात खोट नाही. पाणीच याच्या आवाक्याखाली गेले.” दिवसभर मीटरपट्टी हातात घेऊन कापड मोजणारा मी, आडातले पाणी मात्र कधी मोजले नव्हते!

हापसा पाणी ओढतो असे आपण म्हणतो. खरे पाहता दट्ट्या वर गेला की नळीतली हवा विरळ होते, आणि आडातल्या पाण्यावर पडणारा बाहेरच्या हवेचा दाब ते पाणी नळीत वर ढकलतो. असा ओढनळीचा दुहेरी पंप अल-जझारी या कारागिराने १२०६ साली पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात वर्णन करून ठेवला आहे. तो दियारबकीरच्या अर्तुकी दरबारात नोकरीला होता. हवेच्या दाबाला मर्यादा आहे, हे पुढे सतराव्या शतकात इटलीच्या टोरिचेलीने दाखविले. समुद्रकाठी हा दाब पाण्याला सुमारे ३४ फूट चढवू शकतो. आपला भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, म्हणजे येथे हिशेब ३१ फुटांच्या आसपास येतो. वायसरची गळती आणि जोडांतून शिरणारी हवा धरता प्रत्यक्षात २२ ते २४ फूट. त्याखालचे पाणी अशा हापशाने येत नाही. मग पंप कितीही महाग असो, हापसणारा कितीही ताकदवान असो.

मऊ-बनारसकडे माल घ्यायला जाणाऱ्यांनी तिकडे घरोघरी असे बिडाचे हापसे पाहिले असतील. ते गंगेचे मैदान आहे. तेथे बऱ्याच ठिकाणी पाणी उथळ असते. आपल्याकडे काळी माती, मुरूम आणि खाली काळा दगड. पाणी मुरमात व दगडाच्या भेगांत साठते आणि उन्हाळ्यात झपाट्याने खाली जाते. तेव्हा मोजमाप वैशाखातले धरावे, भाद्रपदातले नव्हे. दोरीला वजन बांधून सोडा, ओली झालेली लांबी वजा करा, कठड्यापासून पाण्यापर्यंत किती फूट ते मिळेल. वैशाखात हे अंतर २० फुटांच्या आत राहत असेल तर साधा हापसा खुशाल घ्या. नाहीतर दुसरी जात घ्यावी लागेल.

या दुसऱ्या जातीत सिलिंडर वर नसतो, तो पाण्यात बुडालेला असतो. दांडा हलविला की लोखंडी सळया खालचा दट्ट्या उचलतात आणि पाणी ओढले न जाता उचलले जाते. या पंपाची कहाणी आपल्याच मुलखातली आहे. परदेशी धर्तीचे बिडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी घडविलेले. साऱ्या गावाने हापसल्यावर ते मोडत. जालन्याच्या मिशनमधील लोकांनी पोलादी पंप तयार केला, सोलापुरात त्यात सुधारणा झाली, आणि त्याच धर्तीवर १९७० च्या दशकात युनिसेफ व सरकार यांच्या प्रयत्नातून ‘इंडिया मार्क-२’ हा सरकारी हापसा आला. गावोगावच्या बोअरवर आहे तो हाच.

त्याचा हिशेब पाहा. सिलिंडर अडीच इंची, दट्ट्याची चाल पाच इंचांची. एका हापशाला सुमारे ४०० मिलिलिटर पाणी, म्हणजे ४० हापशांत एक घागर. पाणी ४० फुटांवर असेल तर दट्ट्यावर सुमारे ३९ किलोचा भार येतो, पण दांड्याच्या आठपट तरफेमुळे सळयांसह हाताला सहा-सात किलोच जाणवतो. बाईमाणूस सहज हापसू शकते. खोली फार असेल तर सिलिंडर अरुंद घ्यावा. पाणी कमी येते, हात कमी दुखतो. खर्चाचे म्हणाल तर वरच्या डोक्यापेक्षा खोलीप्रमाणे लागणारे पाईप-सळया अंदाज चुकवितात. त्यांची किंमत आधी विचारा.

मदिनेतील रूमाची विहीर ह. उस्मान (रजि.) यांनी विकत घेऊन सर्वांना खुली केली, हे आपण जाणतोच. शेजाऱ्यांना पाणी द्यायची नियत असेल तर उथळ आडावरही हलका घरगुती पंप घेऊ नका. चार घरांच्या वापराने तो वर्षभरात खिळखिळा होतो.

सिलिंडर वैशाखातल्या पातळीच्या खाली, पण तळच्या गाळापासून दोन-तीन फूट वर ठेवावा. बोअरमध्ये पाईपला आधार असतो, आडात तो लोंबकळतो आणि जोड सुटतात. म्हणून बांधकामात पट्ट्या ठोकून पाईप जागोजागी आवळावा. आडावर सिमेंटचा स्लॅब टाकून माणूस उतरेल एवढे झाकण ठेवावे. सांडपाण्याला नाली करावी आणि संडासचा खड्डा किमान ५० फूट दूर असावा. काम झाल्यावर ब्लीचिंग पावडर टाकावी, हजार लिटरला अडीच ग्रॅम. पाच फूट रुंद आडात दहा फूट पाणी म्हणजे सुमारे साडेपाच हजार लिटर. त्याला १४ ग्रॅम पुरे. पावडर बादलीत कालवून निवू द्यावी, वरचे निवळ पाणी आडात सोडावे आणि तासभर पाणी वापरू नये.

एक गोष्ट जिवाची आहे. झाकलेल्या आडात हवा कोंडते. मिस्त्रीला घाईने आत उतरवू नका. झाकण बराच वेळ उघडे ठेवा, कंदील खाली सोडा. तो विझला तर कोणीही उतरायचे नाही. कंदील जळत राहिला तरी उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसे हवीत. आडात डिझेलचे इंजिन तर कधीच चालवू नये. त्याच्या धुराचा विषारी वायू कंदिलाला कळत नाही. आत कोणी बेशुद्ध पडलाच तर त्याच्यामागे दुसऱ्याने उडी घेऊ नये, दोराने वर ओढावे.

हापसा पाणी निर्माण करीत नाही हेही ध्यानात असू द्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती आपल्या ढोकीवरूनच. त्या उन्हाळ्यात आमचा आड आटला होता, हापसा नुसता उभा होता. मात्र एरवी वीज गेली तरी वुझूचे पाणी अडत नाही, आणि मोटार जसा तासाभरात आड कोरडा करते तसा हापसा करीत नाही. झऱ्यांना भरायला उसंत मिळते.

देखभाल थोडीच. साखळीला ग्रीस, ढिले बोल्ट आवळणे. वायसर चामड्याचे असेल तर बसविण्याआधी रात्रभर भिजत घालावे आणि हापसा फार दिवस बंद ठेवू नये, चामडे वाळून आक्रसते. रबरी वायसर जास्त टिकते. पाईप किती, सळया किती, सिलिंडर किती इंची आणि किती फुटांवर, हे दुकानाच्या वहीत लिहून ठेवा. पाच वर्षांनी मिस्त्री हेच विचारतो.