शिळें पेट्रोल आणि पुराची नाव

दूध, भाकरी, भाजी यांना शिळेपण येतें हें घरांतील लहान मुलासहि ठाऊक असतें. परंतु पेट्रोलहि शिळें होतें असें सांगितलें, तर कित्येक सुशिक्षित गृहस्थ हंसतात. मोटारींत घातलेलें पेट्रोल आठपंधरा दिवसांत जळून जातें. म्हणून त्याच्या वयाचा प्रश्न आपणांपुढें येतच नाहीं. तो येतो नावेच्या बाबतींत. लहान नावेच्या पाठीला लावलेलें इंजिन वर्षांतून थोडेच दिवस चालतें व उरलेले दिवस कोठडींत स्वस्थ उभें राहतें. त्याच्या टाकींतील पेट्रोल मात्र स्वस्थ राहत नाहीं. तें हळूहळू बिघडत असतें.

आपण नाशिककरांनी हा विषय दूरचा मानूं नये. गोदावरीला २००८, २०१६ आणि २०१९ या सालीं मोठे पूर आले. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कोठपर्यंत चढलें, यावरून पुराचें माप काढण्याची आपली रीत आहे. पण तेंच पाणी पुढें निफाड तालुक्यांतील सायखेडा, चांदोरी अशा गांवांत शिरतें, तेव्हां माप काढीत बसण्यास कोणाला सवड नसते. तेव्हां नाव लागते, आणि ती तत्काळ लागते.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या परिचयाच्या पोहणाऱ्या तरुणांनी आपली रबरी नाव मृगाच्या आधीं पाण्यांत घालून पाहिली. मी कांठावर उभा होतों. दोरी ओढतांच इंजिन दोनदां खोकलें आणि बंद पडलें. पुढें वीसपंचवीस वेळां ओढूनहि तें जागें होईना. मिस्त्रीनें कार्ब्युरेटर उघडला. आंत तळाशीं बोटाला चिकटणारा तपकिरी थर होता, आणि ज्या बारीक छिद्रांतून पेट्रोल यावयाचें तें पार बुजलें होतें. चौकशी करतां कळलें कीं, टाकींतलें पेट्रोल दिवाळीच्या आधींचें होतें. नदी शांत होती, म्हणून सारे हंसले. मला मात्र हंसूं आलें नाहीं. छपरावर चढून बसलेलें एखादें कुटुंब वाट पाहत असतां असें झालें असतें तर?

पेट्रोल असें कां बिघडतें? याचीं कारणें तीन आहेत. पहिलें कारण असें कीं, पेट्रोल हा एकच पदार्थ नसून हायड्रोजन व कार्बन यांच्या अनेक संयुगांचें तें मिश्रण आहे. त्यांतील हलकीं संयुगें आधीं उडून जातात, आणि थंड इंजिन पहिला पेट घेतें तें त्यांच्याच जोरावर. दुसरें कारण, हवेंतील ऑक्सिजनशीं कांहीं संयुगांचा संयोग होऊन डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो. उष्णतेनें ही क्रिया वाढते. वैशाखांत पत्र्याच्या खोलींत ठेवलेला डबा म्हणूनच लवकर बिघडतो.

तिसरें कारण पाण्याचें, आणि तें विशेषेंकरून आपल्या काळाचें आहे. आपल्या देशांत पेट्रोलांत इथेनॉल मिसळतात. २०२२ सालीं त्याचें सरासरी प्रमाण शेंकडा १० झालें, आणि २०२३ च्या फेब्रुवारीपासून शेंकडा २० मिश्रणाचें पेट्रोल विक्रीस येऊं लागलें. इथेनॉल हवेंतील दमटपणा ओढून घेतें. शेंकडा १० मिश्रणाचें पेट्रोल १५ अंश सेल्सिअस उष्णमानाला सुमारें शेंकडा अर्धा भाग पाणी, म्हणजे लिटरमागें चहाचा एक चमचा, पोटांत ठेवूं शकतें. शेंकडा २० च्या मिश्रणाला याहून कांहींसें अधिक सोसतें. तत्त्व मात्र तेंच. पाणी मर्यादेपलीकडे गेलें, किंवा थंडीच्या रात्रीं उष्णमान उतरलें, कीं पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलापासून वेगळीं होतात आणि तळाशीं बसतात. टाकींतील नळी तळांतूनच इंधन ओढते! टाकी अर्धी रिकामी असेल तर हें अधिक घडतें. कारण ती दिवसा तापते, रात्रीं निवते, आणि जणूं श्वास घेतल्याप्रमाणें दमट हवा आंत घेते.

आतां जुन्या पेट्रोलाची परीक्षा. काचेच्या स्वच्छ बरणींत थोडें घेऊन उजेडाकडे धरावें. रंग गडद, वास वार्निशासारखा उग्र, तळाशीं वेगळा थर किंवा गढूळपणा, यांपैकीं एकहि खूण दिसली तर तें टाकाऊ समजावें. नासलेल्या दुधांत ताजें दूध ओतून जसें तें सुधारत नाहीं, तसेंच हें. बाजारांत पेट्रोल टिकविण्याचें औषध मिळतें. पण तें ताज्या पेट्रोलांतच घालावयाचें असतें, शिळ्याला तें ताजें करीत नाहीं. पेट्रोल थोडेच महिने जुनें व दिसण्यांत निर्मळ असेल, तर पुष्कळ ताज्या पेट्रोलांत थोडें थोडें मिसळून रोजच्या वापराच्या इंजिनांत तें संपवितां येतें. मात्र ज्यांत ऑइल मिसळलेलें आहे तें मोटारींत घालूं नये, आणि असलें उरलेलें पेट्रोल पुराच्या नावेला तर कधींच देऊं नये.

टाकाऊ पेट्रोल गटारांत, जमिनीवर वा नदींत ओतूं नये. जमिनींत मुरलेलें पेट्रोल विहिरीपर्यंत पोंचतें. तें घट्ट झांकणाच्या धातूच्या डब्यांत ठेवून अधिकृत रीतीनें घातक कचरा नेणाऱ्यांच्या स्वाधीन करावें. नळी तोंडानें ओढून टाकी रिकामी करण्याची संवय प्राणघातक आहे. पेट्रोलाची वाफ हवेपेक्षां जड असल्यामुळें जमिनीलगत सरकत दूरच्या चुलीपर्यंत जाते. म्हणून हें काम उघड्या जागेंतच करावें. सांठा करण्यालाहि मर्यादा आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानें विक्रीसाठीं नसलेलें पेट्रोल परवान्यावांचून ३० लिटरपर्यंतच ठेवतां येतें.

या सर्वांहून सोपा उपाय म्हणजे पेट्रोल शिळें होऊंच न देणें. हंगाम संपतांच टाकी रिकामी करावी, आणि नाव पाण्यांत असतांनाच इंधनाची नळी काढून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवावें. पाण्यावांचून चालविल्यास इंजिन तापून बिघडतें. पावसाळ्याच्या तोंडीं ताजें पेट्रोल आणावें. टू-स्ट्रोक इंजिनाला, त्याच्या पुस्तकांत तसें सांगितलें असल्यास, लिटरला २० मिलिलिटर ऑइल घालावें, आणि मिश्रण लागेल तेवढेंच करावें. डब्यावर भरल्याची तारीख ठळक लिहावी, व तीन महिन्यांच्या आंत तें पेट्रोल वापरून नवें भरावें. पावसाळ्यांत दर पंधरवड्यास दहा मिनिटें नाव चालवून पाहावी.

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, असें आपण म्हणतों. येथें विहीर खणलेली असते, नावहि असते, माणसेंहि तयार असतात. उणें राहतें तें एका तारखेचें. त्या तरुणांच्या कोठडींत आतां प्रत्येक डब्यावर खडूनें तारीख लिहिलेली असते. खडू आम्हीं शिक्षकानेंच दिला.