‘गेस्टाल्ट’ म्हणजे काय?

मानसशास्त्राच्या पुस्तकात ‘गेस्टाल्ट’ हा शब्द आला की आपले विद्यार्थी व्याख्या पाठ करून पुढे जातात. शब्द जर्मन आहे. त्या भाषेच्या रोजच्या व्यवहारात त्याचा अर्थ आकार, रूप, घडण एवढाच. शास्त्रात मात्र तो ‘समग्रता’ या अर्थाने रूढ झाला. अनेक अवयव विशिष्ट रचनेत एकत्र आले की त्यांच्या नुसत्या बेरजेत न सापडणारा गुण प्रकट होतो. तो पूर्णाकार म्हणजे गेस्टाल्ट.

१८९० मध्ये एरेनफेल्स यांनी गाण्याच्या चालीचे उदाहरण दिले. पट्टी बदलली की प्रत्येक सुराची उंची बदलते, तरीही चाल तीच ओळखू येते. १९१२ मध्ये मॅक्स वर्थायमर यांनी दाखविले की, दोन स्थिर रेषा ठरावीक वेगाने एकीमागून एक दाखविल्यास डोळ्यांना हालचाल दिसते. कोहलर व कॉफ्का यांनी हा विचार पुढे नेला.

आपली सोलापुरी चादरच पाहा. तिचा एक धागा ओढून काढला तर त्यात फूल सापडत नाही. फूल असते धाग्यांच्या परस्परसंबंधात. बँकेत आम्ही चेकवरील सही नमुन्याशी ताडतो, तेव्हाही आधी सहीची एकूण ठेवण नजरेत भरते, अक्षरे नंतर.

‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथातील नागसेनांचा रथ येथे आठवेल. पण दोन्हींचा रोख वेगळा आहे. अवयवांपलीकडे ‘रथ’ नावाची स्वतंत्र वस्तू नाही, हे नागसेन सांगतात. रचनेमुळे नवा गुण येतो, हे गेस्टाल्टवादी सांगतात. या दोहोंची गल्लत करू नये.

समाजाला हा विचार लावला तर त्याचे महत्त्व कळते. जात एकटी असूच शकत नाही, ती इतर जातींच्या संदर्भातच टिकते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ च्या कोलंबियातील निबंधात मांडले. जातींचा नुसता समूह म्हणजे समाज नव्हे, हे त्यांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये स्पष्ट केले. शेजारी राहिल्याने समाज होत नाही. समान कार्यात सहभाग लागतो.

म्हणून नुसत्या एकूण संख्येला गेस्टाल्ट म्हणू नये. वर्गणीदारांची यादी ही बेरीज आहे. तेच सभासद एकमेकांच्या मुलांच्या शिक्षणासाठी उभे राहतात, तेव्हा संस्था घडते. विद्यार्थ्यांनी एवढा फरक ध्यानात ठेवला तरी व्याख्या पाठ करावी लागणार नाही.