शनिवारी सकाळी नऊ वाजता

डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. उजेड कमी मिळाला की शरीराचं घड्याळ बिघडू शकतं आणि झोप, भूक, मन, सगळ्यावरच परिणाम होऊ शकतो. अशा वेळी ‘उत्साह आला की बाहेर पडू’ म्हटलं, तर थेट मार्च उजाडतो. म्हणून वेळ आणि सोबत आधीच ठरवून टाका.

त्यासाठी पार्करन सोयीचं. २००४ साली बुशी पार्कमध्ये १३ जणांच्या धावण्यातून ते सुरू झालं. आता इंग्लंडभर दर शनिवारी सकाळी ९ वाजता, ५ किलोमीटर, तेही फुकट. चाललात तरी चालतं! एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागून येतो, त्यामुळे शेवटचा नंबर तुमचा कधीच नसतो. भारतातून आलेल्या आई-बाबांनाही न्या. गुडघे दुखत असतील तर स्वयंसेवक म्हणून उभं राहता येतं. ४ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी बऱ्याच ठिकाणी रविवारी २ किलोमीटर असतं.

मात्र घरात कुणाला दोन आठवडे नीट झोप नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर ‘कंटाळा आलाय’ म्हणून सोडून देऊ नका. जीपीला भेटा. तातडीची मदत हवी असेल तर १११ लावून २ दाबा. जिवाला धोका वाटला तर थेट ९९९.

या शनिवारी एकटे जाऊ नका, शेजाऱ्यांनाही हाक मारा.