समजून घ्या : रुग्ण घरी गेली, जीवाणू रुग्णालयातच राहिला! जीनोम सिक्वेन्सिंगने त्याचा माग कसा काढला?

जीनोम सिक्वेन्सिंग हा शब्द करोनाच्या काळात घराघरांत पोहोचला. याच तंत्राने रुग्णालयात औषधांना न जुमानणारा जीवाणू कुणाकडून कुणाकडे गेला, हेही शोधता येते. अमेरिकेत २०११ मध्ये ते कसे घडले, जाणून घेऊ.

नेमके काय झाले?

जून २०११ मध्ये बेथेस्डा येथील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या रुग्णालयात न्यूयॉर्कहून एक महिला रुग्ण आली. तिच्या शरीरात क्लेब्सिएला न्यूमोनिए हा जीवाणू होता. शेवटचा उपाय म्हणून वापरली जाणारी कार्बापेनेम गटातील औषधेही त्यावर चालत नव्हती. तिला इतरांपासून वेगळे ठेवण्यात आले. जुलैमध्ये ती घरी गेली. त्यानंतर तीन आठवड्यांनी दुसऱ्या रुग्णात हाच जीवाणू सापडला. एकूण १८ रुग्णांपर्यंत तो पोहोचला. त्यापैकी ११ जण दगावले. सहा मृत्यू या संसर्गामुळे झाल्याचे निष्पन्न झाले.

नेहमीची चाचणी कुठे कमी पडते?

कल्चर रिपोर्टमधून जीवाणूचे नाव आणि त्यावर चालणारे औषध कळते. मात्र, दुसऱ्या रुग्णाला तो पहिलीकडून मिळाला की बाहेरून आला, हे कळत नाही. उत्तरानुसार उपाय बदलतात.

सिक्वेन्सिंगने काय दाखवले?

या जीवाणूचा डीएनए सुमारे ६० लाख अक्षरांचा असतो. जीवाणू वाढताना डीएनएची नक्कल होते आणि क्वचित एखादे अक्षर चुकते. कॉलेजात एकाच्या जर्नलमधली चूक उतरवून घेणाऱ्या सगळ्यांच्या जर्नलमध्ये दिसते, तसेच हे. या चुका जुळवल्यावर साथीचा उगम पहिल्याच रुग्णात असल्याचे आणि तिच्याकडून जीवाणू तीन स्वतंत्र वेळा पसरल्याचे दिसले. काही रुग्ण लक्षणे नसतानाही तो बाळगून होते. तो सिंकच्या पाइपात आणि साफ केलेल्या व्हेंटिलेटरवरही आढळला.

पुढे काय केले?

लक्षणे नसलेल्या रुग्णांचेही नमुने नियमित तपासण्यात आले. लागण झालेल्यांसाठी स्वतंत्र विभाग उभारला. कर्मचारी हात धुतात की नाही, यावर देखरेख ठेवली गेली.

भारतात काय स्थिती?

औषधांना दाद न देणारा क्लेब्सिएला आपल्या रुग्णालयांतही मोठी डोकेदुखी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) जाळे २०१३ पासून अशा जीवाणूंवर नजर ठेवून आहे. मात्र, सिक्वेन्सिंग हा उपचार नव्हे. कोणता रुग्ण कधी, कोणत्या खाटेवर होता, ही नोंद नसेल तर साखळी पूर्ण जुळत नाही.

तुम्ही काय कराल?

रुग्णाला दाखल करताना तो आधी कोणत्या रुग्णालयात होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. आयसीयूत जाताना आणि बाहेर पडल्यावर हात स्वच्छ करा.