राखणदाराचे दुसरे कर्तव्य

बँका, विमा कंपन्या आणि त्यांच्या आधाराने चालणारे इतर व्यवसाय यांची बाजू ब्रिटिश सरकारपुढे मांडण्यासाठी लंडनमध्ये ‘द सिटी यूके’ ही संस्था २०१० साली स्थापन झाली. मुहूर्त मोठा विलक्षण! रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड वाचविण्यासाठी सरकारने २००८ व २००९ मध्ये सुमारे ४५ अब्ज पौंड ओतले, त्याची शाई अजून वाळावयाची होती.

हा व्यवसाय कर देतो, निर्यात करतो आणि त्यातील सुमारे दोनतृतीयांश नोकऱ्या लंडनबाहेर आहेत, असे संस्था सांगते. हे आकडे खोटे मानण्याचे कारण नाही. परंतु ते जमेच्या बाजूचे आहेत. सरकारने त्या बँकेतील अखेरचे भाग मे २०२५ मध्ये विकले, तेव्हा सुमारे दहा अब्ज पौंडांची तूट करदात्याच्या नावे पडली.

ब्रिटनच्या स्पर्धाक्षमतेचे भान नियामकाने ठेवावे, असे २००० च्या कायद्यात होते. अरिष्टानंतर, २०१२ मध्ये, ते वगळले गेले. २०२३ च्या कायद्याने मात्र व्यवसायाची वाढ आणि स्पर्धाक्षमता हे नियामकांचे उद्दिष्टच ठरविले. ‘दुय्यम’ हे विशेषण तेवढे सोबत आहे. परीक्षकावरच निकालाची टक्केवारी वाढविण्याचा भार टाकला, तर उत्तरपत्रिका कशा तपासल्या जातील, हे शिक्षकांना सांगावयास नको.

बँका मोजक्या, त्यांचा लाभ मोठा. म्हणून त्या संघटित होतात. करदाते कोट्यवधी, प्रत्येकाची हानी थोडी. तेवढ्यासाठी संसदेचे उंबरठे कोण झिजविणार?