तात्या जोग : पेढीवरून दिवाणगिरीवर

सराफी व्यवहारांत मुरलेल्या मनुष्याच्या हातीं राज्याचा कारभार सोंपविण्याची वेळ बहुधा खजिना रिता झाल्यावरच येते. आफ्रिकेंतील आयव्हरी कोस्ट देशांत कोकोचे भाव कोसळून सरकार अडचणींत आलें, तेव्हां 1990 सालीं पश्चिम आफ्रिकेच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर अलासान वात्तारा ह्यांस पंतप्रधान नेमण्यांत आलें. पुढें यादवीनें देश दुभंगला असतां 2005 सालीं त्याच बँकेचे गव्हर्नर शार्ल कोनान बानी ह्यांच्याकडे तें पद गेलें. मराठ्यांच्या इतिहासांत ह्याच मासल्याचा एक पुरुष त्यांच्या पावणेदोनशें वर्षे आधीं होऊन गेला आहे. तो म्हणजे होळकरांचा दिवाण विठ्ठल महादेव किबे उर्फ तात्या जोग. ज्या अहिल्याबाईंचें नांव 2024 सालीं आमच्या जिल्ह्यास मिळालें, त्यांचें जन्मग्राम चौंडी ह्याच जिल्ह्यांत आहे. सबब होळकरशाहीच्या ह्या उत्तरकालीन कारभाऱ्याविषयीं पाथर्डीहून दोन शब्द लिहिणें अप्रस्तुत होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

यशवंतराव होळकर 1811 सालीं भानपुरा येथें वारले. गादीवर अल्पवयी मल्हारराव, कारभार तुळसाबाईंच्या हातीं आणि फौजेचा पगार चढलेला, अशी पुढील सहा वर्षांची अवस्था होती. पगार न मिळालेली पलटण धन्याची राहत नाहीं. महिदपूरच्या लढाईच्या आदल्या दिवशीं तुळसाबाईंचा वध त्यांच्याच लष्करांत झाला, ही गोष्ट ह्या विधानास पुरेशी साक्ष आहे. 21 डिसेंबर 1817 रोजीं क्षिप्रेच्या कांठीं होळकरांचा मोड झाला. त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनीं, 6 जानेवारी 1818 रोजीं, मंदसोरचा तह ठरला. इंग्रजांच्या बाजूनें सर जॉन माल्कम आणि होळकरांच्या बाजूनें तात्या जोग, असे ते बोलणें करणारे होते.

तहानें गेलें तें पुष्कळच. रजपूत संस्थानांवरील खंडणीचा हक्क सुटला. सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख, खानदेश आणि निजाम व पेशवे ह्यांच्या हद्दींत मिसळलेले अंबड, वेरूळ वगैरे महाल इंग्रजांकडे गेले. ह्यावरून तात्यांनीं राज्य विकलें असा आक्षेप सहज सुचतो. परंतु राज्याची मुंडली ज्यानें पाहिली, त्याची दृष्टि निराळी असते. दिवाळ्यांत निघालेल्या पेढीचा जाणता मुनीम बुडीत खातीं सोडतो आणि वसूल होणारें खातें घट्ट धरतो. रजपुतांची खंडणी फौज पाठविल्याखेरीज हातीं येत नसे, आणि फौजेस पोसावयास तर पैसा नव्हता. माळव्यांतील काळी जमीन मात्र शांतता मिळतांच पिकणारी होती.

उत्पन्नास झेपेल तितकीच फौज ठेवावी, तीन हजारांहून स्वार कमी असूं नयेत व त्यांचा पगार नियमानें द्यावा, अशी अट तहांतच होती. तात्यांनीं फौज घटविली व राजधानी 1818 सालींच इंदुरास स्थिर केली. 1819 सालीं एका तोतयानें मल्हारराव म्हणून बंड केलें, व हरिराव होळकरांनींही उचल खाल्ली. दोन्ही बंडें मोडलीं. उजाड महालांतून रयत परतली, आणि 1826 सालीं तात्या वारले तेव्हां वसूल पूर्वीच्या कित्येक पट झालेला होता. त्यांच्या पश्चात् कारभार ढिला पडला, ह्यावरून त्यांच्या हाताची किंमत कळते.

येथें पेढीचा उपयोग काय, हें सांगितलें पाहिजे. त्या काळीं कमावीसदार महालाचें काम पत्करतांना सरकारांत रसद, म्हणजे वसुलाची आगाऊ रक्कम, भरी. ही रक्कम त्यास सावकार देई. सरकारही देणेकऱ्यांस महालांवर वराता देई, आणि त्या वराता वटवावयासही सावकारच लागे. तात्पर्य, दरबारची पत गेली कीं व्याज चढे आणि तें व्याज अखेर रयतेच्या माथीं बसे. सावकारांचा विश्वास ज्यावर आहे असा पुरुष दिवाण झाला, तर तेंच चाक उलट फिरूं लागतें. शास्त्रकारांनीं कोश हें राज्याच्या सात अंगांपैकीं एक मानलें आहे. तात्यांच्या कारकीर्दीवरून आम्हांस वाटतें कीं, कोश म्हणजे केवळ सांठविलेलें द्रव्य नव्हे. शब्दावर मिळणारें द्रव्य हाही कोशच होय.

दुसरी बाजूही लपवितां येत नाहीं. ऋण देणारा आणि ऋण काढणारा एकाच गादीवर बसला, म्हणजे व्याजाचा दर कोणी ठरवावा? दरबारचें हित कोठें संपतें आणि पेढीचें कोठें सुरू होतें? इंदूरचें किबे घराणें पुढें मोठें धनाढ्य झालें. त्याच घराण्यांतील माधवराव विनायक किबे 1926 सालीं मराठी साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. हें धन कोणत्या वाटेनें आलें, ह्याचा निवाडा स्तुतीनें होणार नाहीं आणि निंदेनेंही नाहीं. माल्कमनें 1823 सालीं छापलेल्या ग्रंथांत ह्या कारभाराचें वर्णन केलें आहे; पण तो तहाचा एक पक्षकार होता, हें विसरूं नये. खरा साक्षीदार म्हणजे रोजकीर्द व खतावणी.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, बखर व सनद मिळाली म्हणजे आपण हर्षित होतों, पण हुंड्यांची नक्कल, वरातांचे कागद आणि लांब बंदांच्या वह्या रद्दींत जाऊं देतों. पाथर्डीसारख्या बाजाराच्या गांवींही जुन्या दुकानांच्या माळ्यांवर अशा वह्या असतात. मोडी वाचणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत आणि वाळवी कोणाची वाट पाहत नाहीं. वही मिळाल्यास पानें सुटीं करूं नयेत, वेष्टन टाकूं नये व मितीचा क्रम मोडूं नये. दिवाण तात्यांस न्याय मिळावयाचा तर तो सावकार तात्यांच्याच वह्यांतून मिळेल.